बारा दिवस, पाच खिंडी : मनाली ते लेह, सायकलवरून

सामान २१ किलो भरलं. सायकल १५ किलोची. मनालीतल्या गेस्टहाउसच्या मालकांनी मागचं चाक अंगठ्याने दाबून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अकेली?" हा प्रश्न पुढे रोज आला. सुरुवातीला मी नीट उत्तर द्यायचे, नंतर नुसती मान हलवायला लागले, आणि पांगला पोचेपर्यंत "नहीं जी, पीछे बारात आ रही है" म्हणण्याइतकी निर्ढावले.

मनालीची उंची २,०५० मीटर. तिथे दोन रात्री काढल्या त्या हवेची सवय व्हावी म्हणून. लेहपर्यंतचा रस्ता पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. गाडीवाले तो दोन दिवसांत उरकतात आणि त्यातले बरेच जण मधली रात्र सरचूला, ४,२९० मीटरवर, डोकं धरून काढतात. सायकलवर घाई करायची म्हटलं तरी होत नाही, हा मोठाच फायदा. तीन हजार मीटरच्या वर गेलं की रोजची झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवायची नाही, असा साधा नियम आहे. तो धरून मी मुक्काम ठरवले होते. एक-दोनदा मोडला, पण थोडक्यात.

सप्टेंबर निवडला तो नाल्यांमुळे. जुलै-ऑगस्टात वरचं बर्फ जोरात वितळतं आणि दुपारनंतर नाले रस्ता गिळतात. सप्टेंबरात पाणी ओसरतं. त्याची किंमत रात्री मोजावी लागते.

पहिला दिवस : मनाली ते मढी

पलचानला रस्ता फुटतो. डावीकडे सोलांग आणि अटल बोगदा, उजवीकडे कोठी, गुलाबा आणि रोहतांगचा जुना घाट. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि लेहकडे जाणारे ट्रक घाटातून गायब झाले. मला घाटानेच जायचं होतं. बोगद्यातून पलीकडे निघायचं म्हणजे परीक्षेचा पहिला पेपर बुडवल्यासारखं.

जेमतेम ३५ किलोमीटर, पण चढ १,२०० मीटरपेक्षा जास्त. पुढे २२ दात्यांची चकती, मागे ३४ दात्यांची, म्हणजे सगळ्यात हलका गिअर. वेग ताशी पाच किलोमीटर. देवदारांच्या सावलीत तेही बरं वाटत होतं. गुलाब्याच्या पुढे झाडं संपली आणि ढग खाली उतरले. मढीला (३,३०० मीटर) एका ढाब्याच्या मागे, विचारून, तंबू ठोकला. रात्रभर पाऊस. तंबू कुठून गळतो ते पहिल्याच रात्री कळलं, हे चांगलं झालं.

दुसरा दिवस : रोहतांग, मग सिस्सू

रोहतांग ३,९७८ मीटर. मढीपासून सोळा किलोमीटर, सगळे धुक्यात. वर पोचले तेव्हा मला फक्त पाटी, एक घोडा आणि त्या घोड्याचा मालक दिसला. तो म्हणाला, फोटो काढा. धुक्यासमोर धुक्याचा फोटो काढला.

पाच मिनिटं पलीकडे उतरले आणि धुकं कापल्यासारखं थांबलं. पावसाचे ढग या भिंतीला अडतात, त्यामुळे कुलूची बाजू हिरवीगार आणि लाहौलची बाजू तपकिरी, कोरडी. भूगोलाच्या पुस्तकात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणून पाठ केलेलं असतं. इथे पुढचं चाक त्यात आणि मागचं अजून ओलं.

उतार म्हणजे आराम, ही माझी समजूत ग्राम्फूपर्यंत टिकली. खड्डे, सैल खडी आणि सगळं वजन तळहातांवर. ब्रेक दाबून दाबून करंगळ्या बधिर झाल्या, त्या लेहला पोचल्यावरही पूर्ण जाग्या झाल्या नव्हत्या. चढताना मी सहा वेळा थांबले होते, उतरताना अकरा वेळा. ग्राम्फूला उजवीकडे स्पितीचा रस्ता, डावीकडे कोकसर. कोकसरच्या पुढे बोगद्यातून बाहेर पडलेल्या गाड्या भेटल्या आणि एकदम गर्दी झाली. सिस्सूला चंद्रा नदीच्या काठी, समोर धबधबा ठेवून, तंबू.

तिसरा आणि चौथा दिवस : जिस्पा

तांदीला चंद्रा आणि भागा भेटतात. तिथून पुढे ती चंद्रभागा, आणि आणखी खाली चिनाब. चंद्रभागा म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळंच वाळवंट आठवतं. मी थांबून, उगीचच, हात जोडले. संगमाजवळ पेट्रोलपंप आहे आणि त्याची ती प्रसिद्ध पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. पंपावरच्या मुलाने सायकलकडे बघून नळी उचलली, "फुल कर दूँ?" मी म्हटलं, चहा असेल तर कर.

केलाँगला बिस्किटं, राजगिऱ्याच्या वड्या आणि जादा बॅटऱ्या घेतल्या. जिस्पा ३,२०० मीटर. दुसऱ्या दिवशी तिथेच विश्रांती. कपडे धुतले, चेनला तेल दिलं, झोपले. विश्रांतीच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं, तसं असेल तर ती विश्रांती नव्हे.

पाचवा आणि सहावा दिवस : पटसेओ, झिंगझिंगबार

जिस्पानंतर माझा फोन मेला. दारच्याला पोलिसांच्या वहीत नाव, गाव, कुठून कुठे. 'गाडी क्रमांक' या रकान्यापाशी हवालदार अडले. मी म्हटलं, नाही. त्यांनी विचार करून लिहिलं, 'पैदल'. खोडायला सांगितलं नाही, कारण बारालाचाच्या वाटेवर ते खरं ठरण्याची शक्यता होती.

दारच्याहून डावीकडे झंस्करचा रस्ता जातो. मी सरळ. दीपकताल नावाचं छोटं तळं लागलं, पाणी इतकं स्थिर की डोंगर दोनदा मोजावेत. पटसेओला एक रात्र, दुसऱ्या दिवशी जेमतेम पंधराएक किलोमीटर चढून झिंगझिंगबारला (४,२७० मीटर) दुसरी. दोन्ही दिवस दुपारी बाराच्या आत तंबूत. उरलेला दिवस पाणी पिणे, ते बाहेर टाकणे आणि डोकं दुखतंय का याचा अंदाज घेणे. दुखत होतं, कपाळाच्या कडेने, हलकं. संध्याकाळी जेवण गेलं आणि सकाळी डोकं उतरलं, तेव्हा पुढे जायचं ठरलं. तसं झालं नसतं तर खाली उतरायचं, हे स्वतःशी घरीच बोलून ठेवलं होतं. वर पोचल्यावर माणूस स्वतःशी फार खोटं बोलतो.

झिंगझिंगबारला रस्त्याचं काम करणारी मंडळी होती, बरीचशी झारखंडची. दिवसभर डांबराच्या धुरात आणि तोंडाला फडकं. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, यासाठी पगार कोण देतं. कोणी देत नाही म्हटल्यावर त्याने बाकीच्यांना हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

सातवा दिवस : बारालाचा ला, सरचू

'ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'बारालाचा खिंड' म्हणायचं की 'बारालाचा ला', हा घोळ मी इथे मिटवून टाकते : ला.

साडेपाचला निघाले ते नाल्यासाठी. रात्री वर सगळं गोठतं, म्हणून पहाटे पाणी सगळ्यात कमी. मुक्कामापासून थोड्याच अंतरावर रस्त्याचा तुकडा पाण्याखाली होता, वीसेक पावलांचा. कडेच्या दगडांवर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा. बूट काढून पॅनिअरवर, म्हणजे चाकाशेजारच्या पिशवीवर, बांधले, सँडल चढवल्या. भरलेली सायकल ढकलत नेणं शक्य होतं, पण प्रवाहाने पुढचं चाक फिरवलं तर सगळंच भिजलं असतं. स्लीपिंग बॅग भिजली की प्रवास संपला. म्हणून तीन फेऱ्या. पहिली मागच्या पिशव्या घेऊन, दुसरी तंबू आणि पुढच्या पिशव्या घेऊन, तिसरी सायकल खांद्याला लावून. पहिल्या फेरीत पाय दुखले. दुसऱ्या फेरीत जळजळले. तिसऱ्या फेरीत पाय होते की नाही ते मला ठाऊक नाही, खाली बघून पावलं टाकावी लागली. पलीकडे बसून मोजे चढवले आणि पावलं काखेत घेता येत नाहीत याचं वाईट वाटलं. रक्त परत आलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने ओरडले. ऐकायला कोणी नाही, हा एकटीने जाण्याचा उपयोग.

पुढचा चढ त्या मानाने सभ्य. सूरजतालचं पाणी निळं की हिरवं हे ठरेना. भागा इथूनच निघते. खिंड त्याच्या थोडी वर, ४,८९० मीटरच्या आसपास. इथली गंमत पाण्याची आहे. अलीकडचं पाणी भागेतून चिनाबला जातं, पलीकडचं युनाम, त्सराप आणि झंस्कर नद्यांतून सिंधूला मिळतं. आणि चिनाबही शेवटी सिंधूतच. मी बाटलीतलं थोडं पाणी एकदा इकडे आणि एकदा तिकडे सांडलं. शेकडो किलोमीटर वेगळी फिरून ती भेटणार, म्हणजे भेटायला हवीत.

खिंडीपलीकडे भरतपूर नावाचा ढाब्यांचा तळ आहे, तिथल्या तंबूत राजमा-चावल खाल्ले. भात थोडा कच्चा, कारण इथे पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं आणि तांदूळ शिजण्याची वाट बघत बसतात. मग उतार, आणि मग सरचूचं ते सपाट पठार. नकाशात याच पट्ट्यावर मी 'सोपं' असं लिहिलं होतं. दुपारी एकला समोरून वारा सुटला. सपाट डांबरी रस्ता, एक फूटही चढ नाही आणि वेग ताशी सहा. खिंड चढताना जेवढी वैतागले नव्हते तेवढी या पंधरा किलोमीटरांत वैतागले. चढाला निदान शेवट असतो, वाऱ्याला कुठे टोक?

आठवा दिवस : गाटा लूप्स आणि व्हिस्की नाला

हिमाचल संपलं, लडाख सुरू झालं. त्सरापच्या काठाने वीसेक किलोमीटर आणि मग एकवीस वळणांचा तो घाट. फोटोत भयंकर दिसतो. सायकलवर मात्र उलट. चढ एकसारखा, वळणावर रुंद जागा, रस्ता चांगला. एक वळण, एक खजूर, असा हिशेब ठेवला. मध्ये ट्रकवाले शॉर्टकटच्या मातीतून उतरणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याला शिव्या घालताना दिसले, तेवढी करमणूक.

वाटेत भुताची जागा लागते. कथा अशी सांगतात, की फार वर्षांपूर्वी इथे एक ट्रक बिघडला, चालक मदत आणायला गेला आणि क्लीनर एकटाच थांबला. बर्फाने रस्ता बंद झाला आणि तो तहान-भुकेने, थंडीने गेला. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाणी मागतो. म्हणून लोक तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात, सिगारेटीही. शेकडो बाटल्यांचा ढीग. माझ्याकडे पाऊण लिटर उरलं होतं आणि समोर सीलबंद लिटरच्या बाटल्या. किती वेळ बघत उभी होते ते सांगत नाही. शेवटी माझ्यातलंच दोन घोट तिथे ओतलं आणि निघाले. भुतावर विश्वास नाही, पण पुढे अजून नकी ला चढायचा होता.

नकी ला (सुमारे ४,७४० मीटर) ही फसवी खिंड. कमावलेली उंची ती पलीकडे थोडी परत घेते आणि लाचुंग ला चढायला लावते. मधल्या खोलगटात व्हिस्की नाला. तिथे तंबू. पातळ पोहे गरम पाण्यात भिजवले, वर मेतकूट. हे शिजवावं लागत नाही, त्यामुळे गॅसही वाचतो. गॅसची टाकी गार पडली की ज्योत मलूल होते म्हणून झोपताना ती स्लीपिंग बॅगेत घ्यायची; शेजारी फोन, पॉवरबँक आणि पाण्याची बाटली. कुशीत एवढी गर्दी माझ्या आयुष्यात कधी नव्हती.

त्या रात्री श्वासाचा खेळ झाला. डोळा लागला की श्वास हळूहळू उथळ व्हायचा, मग थांबायचाच, आणि मग मी धापा टाकत उठून बसायचे. उंचीवर झोपेत असं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही, हे मला माहीत होतं. रात्री दोन वाजता, एकटीला, ते माहीत असून फारसा फरक पडत नाही. तंबूच्या आतल्या बाजूला श्वासाची वाफ गोठलेली, हात लागला की मानेत बर्फाचा चुरा.

नववा दिवस : लाचुंग ला, पांग

पाच हजार मीटरच्या वर पहिल्यांदाच सायकल नेली. फारसं काही झालं नाही. पलीकडचा दरीतला उतार मातकट, धुळीचा आणि अप्रतिम : वाऱ्याने कोरलेले सुळके, कमानी, वारुळांसारखे मनोरे. पांगला दुपारी पोचले. ढाब्यातल्या आमा-लेंनी, म्हणजे आईंनी, 'जुले' असा लडाखी नमस्कार करून थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, पुढे ठेवला आणि काहीच विचारलं नाही. अकेली वगैरे काही नाही. दुसरा वाडगा मात्र न मागता दिला.

दहावा दिवस : मोरे मैदान

या दिवसाची मी वाट बघत होते. पांगहून चार-पाच किलोमीटरचा खडा चढ आणि मग ४,७०० मीटर उंचीवर चाळीसेक किलोमीटरची सपाटी, गुळगुळीत डांबर. जो भेटेल तो म्हणे, मोरेला मजा आहे.

सकाळी दहापर्यंत होती. लांब कियांगांचा, म्हणजे रानगाढवांचा, कळप; चांगपा मेंढपाळांचे तंबू; रस्ता इतका सरळ की पुढचा ट्रक दिसल्यापासून जवळ येईपर्यंत मी एक राजगिऱ्याची वडी संपवली. मग वारा. सरचूचा वारा म्हणजे याचा लहान भाऊ. धुळीचे भोवरे मैदानातून चालत यायचे, रस्ता ओलांडायचे, निघून जायचे.

आणि त्या गुळगुळीत रस्त्यावर, खड्डा नाही, दगड नाही, मागून 'टंग' आवाज आला. मागच्या चाकाचा स्पोक, तोही चेनच्या बाजूचा. रोहतांग आणि लाचुंगच्या खडीत तो झिजत आला असणार. तुटायला त्याने सपाटी निवडली. जादा स्पोक तीन होते, फ्रेमला चिकटपट्टीने बांधलेले. पण चेनच्या बाजूचा स्पोक घालायचा तर कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा जुडगा, काढावी लागते आणि कॅसेट काढायचं हत्यार वजन वाचवायला मी घरी ठेवलं होतं. सव्वाशे ग्रॅम असेल-नसेल.

सायकल उलटी केली. वाऱ्याने चाक आपोआप फिरत होतं, ते धरून ठेवायला गुडघा लावला. तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळला. उजवीकडची ओढ गेल्यामुळे रिम डावीकडे सरकली होती, म्हणून तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंचे दोन डावे स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल केले, शेजारचे उजवे पाव-पाव फेरा आवळले. असं चार वेळा. हातमोजे घालून स्पोक-की धरता येत नाही, काढले तर बोटं वळत नाहीत. आऊट, म्हणजे चाकाचं डुलणं, पूर्ण निघाला नाही, पण टायर फ्रेमला घासायचा थांबला. डिस्क ब्रेक असल्यामुळे चाक थोडं डुललं तरी चालणार होतं. जड सामान मागून पुढच्या पिशव्यांत हलवलं. पाऊण तास. त्या पाऊण तासात सात गाड्या थांबल्या. सहाव्या गाडीपर्यंत मी "सब ठीक" म्हणत होते, सातव्या ट्रकच्या सरदारजींनी न विचारता ट्रक वाऱ्याच्या बाजूला आडवा लावला आणि मी की फिरवत असताना नुसते उभे राहिले. काम झाल्यावर "चलो पुत्तर" म्हणून गेले.

देब्रिंगला अंधाराच्या आत पोचले, ढाब्याच्या भिंतीआड तंबू लावला. ठोकलेला खुंटा वाऱ्याने दोनदा उपटला. शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या.

अकरावा दिवस : तांगलांग ला, रुमत्से

सगळ्यात उंच खिंड, ५,३०० मीटरच्या वर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. शंभर पॅडल, थांबा, तीस श्वास, मग ऐंशी पॅडल, मग पन्नास. शेवटचा तासभर मी मोजत होते, बाकी काहीच नाही, आणि घड्याळात बघितलं तेव्हा खरंच तासच झाला होता. चाकाचा आवाज ऐकत होते. डुलत होतं, पण टिकलं.

वर प्रार्थनेच्या पताका आणि पाटीपाशी मोटरसायकलवाल्यांची रांग. मी सायकल पाटीला टेकवली तर एक जण म्हणाला, "मैडम, साइकिल हटा दीजिए, फोटो में आ रही है." हटवली. त्याचं झाल्यावर त्याने माझाही काढला, वाकडा.

उतरताना दर दोन किलोमीटरला थांबून मागचे स्पोक चाचपले. रुमत्सेत पहिली झाडं दिसली, बऱ्याच दिवसांनी. विलो, पॉप्लर, कापणी चाललेली जवाची शेतं. कापलेल्या गवताचा वास आला आणि मला रडू फुटलं. उंचीवर असं होतं असं म्हणून मी ते मिटवलं. एका घराच्या आवारात तंबू. रात्री एकदाही दचकून उठले नाही.

बारावा दिवस : लेह

ग्या, मिरू, जांभळ्या खडकांची घळ, उपशीला सिंधू. ठिकसे, शे. चोगलमसरपासून लेहपर्यंत शेवटचा चढ आहे हे कुणीच सांगितलं नव्हतं.

बाजारातल्या सायकल दुरुस्तीवाल्याने कॅसेट दोन मिनिटांत काढली, नवा स्पोक घातला, चाक फिरवत आऊट काढला. माझा गुंडाळलेला तुकडा हातात धरून त्याने विचारलं, "कौन से पास पे टूटा?"

"मोरे पे."

"मोरे तो प्लेन है."

"हाँ."